उच्च शिक्षणाला कामाची जोड : भोर व वेल्हे तालुक्यांचा विचार

भाटघरच्या येसाजी कंक जलाशयातून सुटलेले पाणी नीरेला मिळते आणि कालव्यांच्या वाटेने बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत पोहोचते. ज्या डोंगरांनी हा पाऊस झेलला, त्याच डोंगरांतील कित्येक वाड्यांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. माणसांचे फारसे निराळे घडलेले नाही. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे या साऱ्या मुलखातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत आला. पूर्वी तो मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारपेठांत जाई. आता पुण्याच्या उपनगरांत जातो. पूर्वी जाणारा चौथी-सातवी शिकलेला असे. आता त्याच्या पिशवीत पदवीचे प्रमाणपत्र असते, एवढाच काय तो फरक. त्या प्रमाणपत्राचा आणि त्याला मिळणाऱ्या कामाचा संबंध मात्र बहुधा नसतो.

दुसऱ्या बाजूस पुणे-सातारा महामार्गावर वेळू, नसरापूर फाटा, कापूरहोळ, किकवी, सारोळा या पट्ट्यात कारखाने, गोदामे, दुरुस्तीची केंद्रे आणि उपाहारगृहे वाढत गेली आहेत. नीरा ओलांडली की शिरवळ-खंडाळ्याचे औद्योगिक क्षेत्र लागते. तेथील व्यवस्थापकांची तक्रार अशी की, पदवीधर पुष्कळ येतात, पण हाताखाली घेता येईल असा एखादाच. पालकांची तक्रार अशी की, शेजारी कारखाना असूनही आपल्या मुलास दार उघडत नाही. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्यांचे मूळ एकच आहे. शिकणे आणि काम करणे या दोन गोष्टी आपण दोन वेगळ्या वयांत आणि दोन वेगळ्या आवारांत नेऊन ठेवल्या. वर्गात शिकवणाऱ्याने कारखाना पाहावयाचा नाही आणि कारखाना चालविणाऱ्याने अभ्यासक्रम पाहावयाचा नाही, असा जणू अलिखित करारच झाला. हा करार मोडावयाचा कसा, हा प्रस्तुत विषय आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. बोलण्यात जुने नाव अधिक रुळलेले असल्यामुळे या विवेचनात तेच वापरले आहे.)

जुनीच वाट

कामातून शिकविणे ही कल्पना परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले ते 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने, आणि सुरू झाले ते सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांची कामे समोर होती. ती करणारी माणसे नव्हती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर नियोक्त्याची गरज आधी होती आणि वर्ग नंतर भरला. पुढे याच संस्थेतून बाहेर पडलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केली, नीरा कालव्यावर पाणीवाटपाची गट पद्धत बसविली आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. तेव्हा भोरच्या माणसाला या विषयाचा पुरावा शोधावयास लांब जावे लागत नाही. तो त्याच्या नदीच्या पाण्यातच आहे.

काही व्यवसायांत तर कामाविना पदवी मिळतच नाही. रुग्णालयात आंतरवासिता केल्याखेरीज कोणी डॉक्टर होत नाही आणि सरावपाठ घेतल्याखेरीज कोणी शिक्षक होत नाही. प्रश्न असा की, रुग्णाच्या नाडीला हात लावल्याशिवाय वैद्यक येत नाही हे ज्या समाजाला कळते, त्याच समाजाला जमाखर्चाची खरी वही न पाहता वाणिज्य कसे येईल, किंवा एकाही विहिरीचे पाणी न तपासता रसायनशास्त्र कसे येईल, ही शंका का पडत नाही?

कृषी शिक्षणाने या शंकेचे उत्तर फार पूर्वी शोधले. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांना 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' कार्यक्रमाखाली खेड्यात राहावे लागते. गावकरी त्यांना 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून ओळखतात. प्रत्येकाला एका शेतकऱ्याशी जोडून दिलेले असते. भाताच्या रोपवाटिकेपासून जनावरांच्या लसीकरणापर्यंत जे शेतकरी करतो ते त्याने करावयाचे आणि जे ग्रंथात वाचले ते शेतकऱ्याला सांगावयाचे, अशी ही दुहेरी देवघेव आहे. काही ठिकाणी ती माती परीक्षणाच्या प्रात्यक्षिकाचे छायाचित्र काढण्यापुरतीच उरते, हेही येथे जमलेल्या सरपंचांना सांगावयास नको. तरीही शेतकरी हा शिक्षक असू शकतो, हे तत्त्व विद्यापीठाने लेखी मान्य केले ही गोष्ट लहान नाही. कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांनी असे तत्त्व मान्य करण्यास त्यानंतर काही दशके घेतली.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही योजना उभी केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय तिच्यावर चालवून दाखविले. घाम गाळून शुल्काची सोय करणाऱ्या हजारो मुलांची घरे तिने उभी केली. परंतु त्या योजनेत काम हे शिक्षणाचे मोल होते; आज ज्याविषयी बोलावयाचे आहे त्यात काम हाच शिक्षणाचा भाग आहे. ग्रंथालयात पुस्तके लावून शुल्क भरणारा विद्यार्थी पहिल्या प्रकारात येतो. त्याच ग्रंथालयातील सूची, खरेदी व वाचकांच्या मागणीचा अभ्यास करून, त्यात दुरुस्ती सुचवून, ती अमलात आणून श्रेयांक मिळविणारा विद्यार्थी दुसऱ्या प्रकारात येतो. दोन्ही प्रकार हवेत. पण पहिल्याला दुसऱ्याचे नाव देऊन चालणार नाही.

कायदा आणि अभ्यासक्रम

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. प्रारंभी तो कारागिरी व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवी व पदविकाधारक त्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. ही शेवटची गोष्ट भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, कारण येथील बहुसंख्य विद्यार्थी कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांतच शिकतात. २०१९ च्या नियम दुरुस्तीनुसार ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. त्याच दुरुस्तीने पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले, आणि पदवी-पदविकाधारकांच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते. राज्य शासनाने २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आणली. तीत बारावी उत्तीर्णास ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका असलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठेवले गेले. या योजनेतून कित्येक तरुणांनी ग्रामपंचायतींत आणि शासकीय कार्यालयांतही काम केले.

हे सर्व मुख्यतः पदवीनंतरचे. पदवीच्या आत काम आणण्याचे पाऊल राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पडले. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने श्रेयांकांची चौकट ठरली. तीन वर्षांच्या पदवीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग प्रकल्प आले आणि सहाव्या सत्रात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने अशा कामाच्या एका श्रेयांकास ३० तास लागतात. म्हणजे कार्यप्रशिक्षणाचे १२० तास झाले. संलग्न महाविद्यालयांत ही चौकट पदवीच्या प्रथम वर्षास २०२४-२५ पासून लागू झाली. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकडीचे सहावे सत्र २०२६-२७ च्या उत्तरार्धात येते. भोरचे अनंतराव थोपटे महाविद्यालय असो, विंझरचे अमृतेश्वर महाविद्यालय असो, वा अन्य कोणतेही, त्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला १२० तास कोठे तरी खरे काम मिळावयास हवे. पुणे शहरातील महाविद्यालयास हे अवघड नाही. डोंगराळ तालुक्यातील महाविद्यालयाने एवढ्या जागा आणावयाच्या कोठून?

येथेच धोका आहे. जागा मिळाल्या नाहीत की कागद मिळू लागतात. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का, हजेरीच्या चार ओळी, आणि 'समाधानकारक' हा एक शब्द एवढ्यावर १२० तास पूर्ण होऊ शकतात. शिक्षकांना हा रस्ता अपरिचित नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा मोठ्या आशेने पुरस्कार केला होता. तो विषय शाळांच्या वेळापत्रकात आला, आणि अनेक शाळांत त्याचे खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले झाली. कल्पनेत खोट नव्हती. कामाचा ग्राहक नव्हता, ही खोट होती. मेणबत्ती विकत घेणारा कोणी नसला की ती चांगली झाली की वाईट, हे ठरविणारेही कोणी उरत नाही.

हे सूत्र ज्यांनी नेमके ओळखले ते डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचाच तो एक उपक्रम होता, हा योगायोग नव्हे. शाळेच्या चौकटीत न बसलेल्या मुलांनी तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन आणि अन्नप्रक्रिया शिकावी, आणि शिकता शिकता गावाची प्रत्यक्ष कामे करून द्यावीत, अशी पद्धत होती. फाटक ज्याचे असेल त्याने पैसे द्यावयाचे; ते नीट लागले नाही तर तोच बोलणार. परीक्षकापेक्षा हा माणूस कडक असतो. पाबळच्या धर्तीवरील 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय पुढे राज्यातील इतर शाळांतही गेला. उच्च शिक्षणाने पाबळकडून घ्यावयाचे ते यंत्रांची यादी नव्हे, तर हा ग्राहक घ्यावयाचा आहे.

नियोक्ता कोणाला म्हणावे

नियोक्ता म्हटले की डोळ्यांसमोर कारखान्याचे फाटक येते. भोर-वेल्ह्यात ही समजूत प्रथम सोडावयास हवी. महामार्गालगतचा पट्टा हा या दोन तालुक्यांचा पूर्वेकडील काठ आहे. पश्चिमेच्या केळद, पासली वा हिर्डोशीच्या बाजूस कारखाना नाही आणि बहुधा व्हावयाचाही नाही. पण काम पुष्कळ आहे, आणि ते करवून घेणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांनी स्वतःला कधी 'नियोक्ता' म्हणवून घेतले नाही, एवढेच.

पहिली संस्था ग्रामपंचायत. पंचायतीच्या दप्तरात कर आकारणीचा नमुना ८ असतो, मागणी व वसुलीच्या नोंदी असतात, पाणीपुरवठ्याचा हिशेब असतो, आणि वर्षाला एकदा गाव विकास आराखडा करावयाचा असतो. वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांनी १२० तास बसून एका गावाची पाणीपट्टीची मागणी, वसुली, थकबाकी आणि पंपाच्या विजेचे देयक यांचा ताळा घातला, तर लेखाशास्त्राचे जे ज्ञान त्यांना होईल ते कोणत्याही उदाहरणसंग्रहातून होणार नाही. पंचायतीलाही योजना दर महिन्याला किती तोट्यात जाते हा आकडा हाती येईल. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी गावच्या शिवेतील झरे आणि टाकी यांचा नकाशा करावा. मार्चअखेर कोणता झरा आटतो, कोणता टिकतो, याच्या नोंदी घ्याव्यात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याच झऱ्यांचे पाणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासावे. यातील एकही काम 'सराव' म्हणून करावयाचे नाही. ते ग्रामसभेपुढे ठेवावयाचे आहे, आणि ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे अर्धवट तयारी टिकत नाही.

दुसरे क्षेत्र पाण्याचे. भाटघर व नीरा-देवघर भोर तालुक्यात, तर पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी वेल्ह्यात. एवढी धरणे असलेले डोंगरी तालुके राज्यात फार नसतील. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याने धरणाच्या देखभालीचा अर्थ फार मोठी किंमत देऊन शिकला. पावसाची मोजणी, पाझराच्या नोंदी, जलाशयातील गाळ, कालव्याच्या विमोचकातून सुटणाऱ्या पाण्याचे मापन ही कामे या धरणांवर बारमाही चालतात. धांगवडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून मोठी प्रयोगशाळा कोणती मिळणार? जलविद्युतगृहांच्या बाबतीतही हेच. सुरक्षिततेमुळे सर्वच ठिकाणी विद्यार्थ्यांना प्रवेश देता येणार नाही हे मान्य. पण जेथे देता येईल तेथे देण्याची रीत पडावयास हवी. ती आज कोणा एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून असते. त्याची बदली झाली की दार बंद होते.

तिसरे क्षेत्र दुर्गांचे आहे, आणि त्याला २०२५ मध्ये नवे वजन आले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांत राजगड आहे. तोरणा त्या यादीत नाही, पण त्याच्या वाटेवरची वर्दळ कमी नाही. जागतिक वारसा म्हणजे केवळ पाटी नव्हे. येणाऱ्यांची मोजदाद, वाटांची झीज, टाक्यांतील पाण्याची स्थिती, कचरा, गडावर मुक्कामाची शिस्त, पायथ्याच्या गावांतील घरगुती निवास व भोजन व्यवस्था या सर्वांची व्यवस्थित नोंद ठेवणे हे आता कर्तव्यच झाले आहे. राजगड हे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. इतिहासाचा विद्यार्थी बखरींवरील टिपणे पाठ करून उत्तीर्ण होतो. त्याने एका सत्रात पद्मावती माचीवरील एका वास्तूची मोजमापे, छायाचित्रे आणि दुरवस्थेची नोंद पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केली, तर त्याला इतिहासही कळेल आणि वाटाड्या, लेखक, संग्रहालय साहाय्यक यांपैकी एखादा व्यवसायही दिसू लागेल. गुंजवणे आणि पाली या पायथ्याच्या गावांतील मुलांचा तर हा वारसाच आहे.

भात, दूध आणि बँक यांविषयी थोडक्यात सांगता येईल. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला इंद्रायणी या दोन्ही तालुक्यांत घरोघरी आहे. पण भरडाई, प्रतवारी, साठवण व विक्री यांत मिळणारा पैसा बहुतांशी बाहेर जातो. भात गिरणीत एक हंगाम काढलेला विद्यार्थी तुकड्याचे प्रमाण का वाढते हे सांगू शकेल, आणि तेच ज्ञान उद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापकास लागते. दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश व इतर घनपदार्थ यांची तपासणी रोज होते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास ती पुस्तकाबाहेरची पहिली पायरी ठरेल. सहकारी बँकेच्या शाखा आणि विकास सोसायट्या, भोरचे एसटी आगार, वन विभागाची रोपवाटिका, ग्रामीण रुग्णालय हीसुद्धा शिकण्याची ठिकाणे आहेत.

नियोक्त्याचे काम कोणते

सामंजस्य करारावर सही करून छायाचित्र काढणे हे नियोक्त्याचे काम नव्हे. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात १९७४ पासून जी दुहेरी शिक्षणपद्धती चालते, तिच्यात विद्यार्थी आधी उद्योगाशी करार करतो आणि मग महाविद्यालयात प्रवेश घेतो. तीन महिने वर्ग, तीन महिने काम, आणि दोन्ही काळांत वेतन. अमेरिकेत सिनसिनाटी येथे हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन आळीपाळीने वर्ग व कारखाना हा प्रयोग केला होता. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ पासून आपले विद्यार्थी आणि त्यांच्यासोबत अध्यापकही उद्योगांत पाठविण्याची पद्धत घातली. या सर्वांतील समान धागा असा की, उद्योगाने मुलास केवळ उभे राहावयास जागा दिली नाही. त्याच्यावर एका जाणत्या माणसाचा वेळ खर्च केला.

जाणत्या माणसाचा वेळ हीच खरी खर्चाची बाब आहे. ४० कामगारांच्या कारखान्यातील पर्यवेक्षकाला रोजचे उत्पादन काढावयाचे असते; त्याच्या गळ्यात चार मुले बांधली तर तो त्यांना झाडू देईल किंवा खोकी उचलावयास सांगेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या कामाचे मोल ठरवावयास हवे. तो आठवड्यातून किती तास मुलांना देणार, कोणती पाच-सहा कामे त्यांना येतील असे पाहणार, आणि गुणांकनात त्याचा वाटा किती, हे आधी लेखी ठरले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणजे व्यवसायानुभवी प्राध्यापक नेमण्याची मुभा दिली. १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीस त्यासाठी ठराविक पदवीची अट नाही. मान्य पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. ग्रामीण महाविद्यालयांनी या तरतुदीकडे बड्या कंपन्यांच्या निवृत्त संचालकांच्या चष्म्यातून पाहू नये. तीस वर्षे दूध संघात काढलेला व्यवस्थापक, धरणावरून निवृत्त झालेला शाखा अभियंता, हीही त्याच तोलाची माणसे आहेत.

अभ्यासक्रम ठरवितानाही नियोक्त्याने बसावयास हवे, परंतु त्याच्या हातात लेखणी मात्र पूर्ण देऊ नये. कारखान्याला आज ज्या यंत्राचा चालक हवा, ते यंत्र पाच वर्षांनी भंगारात जाते. विद्यार्थ्याचे कामाचे आयुष्य ४० वर्षांचे आहे. यंत्र कसे चालवावे हे कारखान्याने शिकवावे. ते तसे का चालते आणि न चालल्यास काय पाहावे, हे महाविद्यालयाने शिकविले पाहिजे. ही वाटणी सुटली की उच्च शिक्षणाचे उमेदवार पुरवठा केंद्र होते.

सुरक्षितता, मोबदला आणि अंतर

शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली नोंदलेल्या उमेदवाराला अपघाताच्या भरपाईचे आणि आरोग्य-सुरक्षिततेच्या तरतुदींचे संरक्षण आहे. श्रेयांकासाठी १२० तास जाणारा महाविद्यालयीन विद्यार्थी त्या करारात नसतो. त्याचे बोट यंत्रात सापडले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पालक विचारणारच, आणि त्याचे उत्तर मुलगा फाटकातून आत जाण्यापूर्वी तयार असावयास हवे. अपघात विमा, सुरक्षिततेचा पहिला पाठ, कोणत्या यंत्राला हात लावावयाचा नाही याची यादी, ही कामे कंटाळवाणी वाटली तरी करारातील पहिले पान त्यांचेच असावे.

मोबदल्याविषयी मतभेद आहेत. श्रेयांक मिळत असताना पैसे कशाला, असे काही प्राचार्य म्हणतात. परंतु सुटीच्या दिवसांत मजुरीला जाऊन घरखर्चास हातभार लावणाऱ्या मुलाला १२० तास विनामोबदला काम करणे म्हणजे तितकी मजुरी बुडविणे होय. किमान प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण एवढे तरी नियोक्त्याने द्यावे, आणि तेही परवडत नसलेल्या पंचायतीसारख्या संस्थेच्या बाबतीत महाविद्यालयाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून त्याची सोय व्हावी.

वेळेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. सत्रांचे वेळापत्रक विद्यापीठ ठरविते आणि कामाचे वेळापत्रक पाऊस ठरवितो. आषाढात आवणी चालू असताना पश्चिम भागातील अर्धा वर्ग शेतात असतो. त्याच वेळी महाविद्यालयात हजेरी घेतली जाते. सहावे सत्र उन्हाळ्याच्या तोंडावर येते, ही एका परीने सोयीची गोष्ट. पाणीटंचाईचा, पर्यटनाचा आणि पंचायतीच्या वर्षअखेरच्या हिशेबाचा काळ तोच आहे. भरडाईचा हंगाम मात्र त्या आधीच उलगडू लागतो. म्हणून भात गिरणीचे काम पाचव्या सत्रातील क्षेत्रप्रकल्पात घालावे, एवढी मोकळीक महाविद्यालयांना असावी.

सर्वांत शेवटी अंतर. केळदची एखादी मुलगी विंझरला शिकते असे समजू. तिला शिरवळच्या कारखान्यात जागा मिळाली, तरी आधी वेल्हे, मग नसरापूर, मग महामार्गावरील बस, आणि संध्याकाळी हाच प्रवास उलट दिशेने करावयाचा. सकाळच्या पाळीला ती पोहोचू शकत नाही आणि दुसऱ्या पाळीनंतर परतू शकत नाही. अशा मुलीला कारखान्यातील जागा दाखविणे म्हणजे जागा न दाखविणेच होय. तिच्यासाठी दोन वाटा मोकळ्या आहेत. एक म्हणजे काम तिच्या खोऱ्यात शोधणे: पंचायत, आरोग्य उपकेंद्र, मढे घाटाकडे येणाऱ्या पर्यटकांची व्यवस्था, बचत गटाची प्रक्रिया. दुसरी म्हणजे महामार्गाच्या पट्ट्यात चार आठवड्यांच्या मुक्कामाची सोय करणे. सहा तासांचा एक दिवस धरला तर १२० तासांचे २० दिवस होतात, आणि आठवड्याला पाच दिवस धरले तर बरोबर चार आठवडे. त्या चार आठवड्यांसाठी मुलींना राहावयास सुरक्षित खोल्या कोठे मिळतील, याची चौकशी महाविद्यालयाने सत्र सुरू होण्याच्या आधीच्या दिवाळीपूर्वी करावयास हवी. ती करण्यास नवा शासन निर्णय लागत नाही. पंचायत समितीच्या सभापतींनी, दोन्ही तालुक्यांच्या गटविकास अधिकाऱ्यांनी आणि प्राचार्यांनी एकदा भोरमध्ये एकत्र बसून जागांची, खोल्यांची आणि एसटीच्या फेऱ्यांची एकच यादी केली, की पहिल्या तुकडीचे काम सुरू होऊ शकते. यादीत विद्यार्थ्यांच्या नावापुढे गाव लिहावे आणि गावापुढे शेवटच्या एसटीची वेळ लिहावी.